शब्दचर्चा : विश्वास ठेवणे, भरवसा, हवाला, विसंबणे – जुन्या दुखण्यात नेमका कोणता?

सदरवाली :
मी नागपूरची, सदरमध्ये राहते. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. मला जन्मापासून सिकलसेल आहे (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आजार), एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून आलेला. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीत साक्ष द्यायची आहे. (कोर्टातली नव्हे. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उपासनेत उभं राहून सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात.) लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यावर अडले. "या आजारात मी देवावर..." पुढे काय?

‘विश्वास ठेवला’ लिहिलं आणि खोडलं. आमच्याकडे हे शब्द उच्चारले की ऐकणारा पुढचं मनातच पूर्ण करतो : ‘...आणि मी बरी झाले.’ मी बरी झालेली नाही. ‘भरवसा ठेवला’ वाचून दाखवलं, तर मावशी म्हणाली, "भरवशाच्या म्हशीले टोणगा, असं वाटून राहिलं ऐकाले." ‘देवावर हवाला ठेवला’ म्हणावं, तर मी हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या रोज घेते, हवाला कुठला? कुणाला नेमका शब्द सुचतो का?

इंदोऱ्याचा :
‘श्रद्धा’ का नको? चांगला सोपा शब्द आहे.

सदरवाली :
चांगला आहे, पण आमच्या बोलण्यातला नाही. आम्ही ‘विश्वासणारे’ म्हणतो, ‘श्रद्धाळू’ म्हणत नाही. मी ‘श्रद्धा’ म्हटलं तर मागच्या बाकावरच्या आजींना वाटेल, पोरगी भाषण पाठ करून आली.

मोडीवाला :
प्रश्न आवडला. एकेक शब्द घेतो, जरा लांबेल.

श्रद्धा : श्रत् आणि धा. ‘धा’ म्हणजे ठेवणे. लॅटिनमधला ‘क्रेडो’ याच कुळातला, आणि तुमच्या उपासनेत म्हणतात त्या मतांगीकाराचं (आमचा यावर विश्वास आहे, असं सगळे मिळून म्हणतात ते) इंग्रजी नाव ‘क्रीड’ त्या क्रेडोवरून आलं. म्हणजे परका वाटणारा शब्द नात्याने तुमच्या चर्चमध्येच बसलेला आहे. पण नातं वेगळं आणि वापर वेगळा, हे सदरवालींचं म्हणणं मान्य.

विश्वास : वि आणि श्वस्, श्वास घेणे. मोकळा श्वास घेता येणे, भीती नसणे, हा मूळ भाव. सिकलसेलच्या माणसाला मोकळ्या श्वासाचं मोल मी काय सांगावं.

हवाला : अरबी. एकाचं देणं दुसऱ्यावर सोपवणं, म्हणून हवाला. ‘दैवावर हवाला ठेवून बसला’ म्हणतो तेव्हा त्यात ‘बसला’ हे क्रियापद उगाच येत नाही. हवाला ठेवणारा हात झटकतो. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ त्याच जातीचं. तुम्ही खोडलंत ते बरोबर केलंत.

भरवसा (जुन्या पुस्तकांत ‘भरंवसा’) : याची गंमत अशी की मराठीत हा शब्द बहुधा मोडतानाच ऐकू येतो. ‘त्याचा काही भरवसा नाही’, ‘पावसाचा भरवसा नाही’. मावशींचा टोणगा तिथूनच शिंगं काढतो. पण मराठी बायबलात हाच शब्द मोठ्या मानाने बसलाय. इब्री लोकांस पत्र, अकरावा अध्याय, पहिलंच वचन : विश्वासाची व्याख्या करताना एका वाक्यात आशा, भरवसा आणि खातरी असे तिघे रांगेने येतात.

इंदोऱ्याचा :
बायबलातल्या नीतिसूत्रांत तर ‘परमेश्वरावर भाव ठेव’ आहे. लहानपणी मला वाटायचं, भाव म्हणजे कळमन्याच्या बाजारातला संत्र्याचा भाव. देवावर तो कसा ठेवायचा!

मोडीवाला :
😄 ‘भाव तेथे देव’मधला भाव. भाषांतर करणाऱ्यांनी तो वारकऱ्यांच्या बोलीतून उचलला असणार, आणि छान उचलला. मूळ हिब्रू क्रियापद ‘बाताख’, म्हणजे निर्धास्त टेकणे. ‘आमेन’ दुसऱ्या धातूचा : पक्का असणे, आधार देणे. तुम्ही प्रार्थनेच्या शेवटी म्हणता तो आमेन आणि हिब्रूतला ‘एमुना’, म्हणजे विश्वास किंवा विश्वासूपणा, एकाच घरचे.

ड्यूटीवरून :
मी ख्रिस्ती नाही. एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, त्यामुळे हे शब्द रोज कानावर पडतात. आमच्या वॉर्डात ‘चंगाई’, म्हणजे प्रार्थनेने बरं होणं, फार ऐकू येतं. ‘चंगाई होईल, गोळ्या बंद करा’ असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून गोळ्या सोडलेला मुलगा मागच्या हिवाळ्यात क्रायसिसमध्ये, म्हणजे सिकलसेलच्या असह्य दुखण्याच्या झटक्यात, आला. मराठीत हा शब्द कुठून आला?

सदरवाली :
हिंदीतून. चंगा, चंगाई. आमच्या मराठी बायबलात ‘बरे करणे’ आहे, ‘आरोग्य’ आहे. पण नागपूरच्या प्रार्थनासभा निम्म्या हिंदीत चालतात. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशातच होतं ना. ‘भरवसा’चा इथे ‘भरोसा’ होतो तोही तसाच.

आणि सिस्टर, गोळ्यांबद्दल लिहिलंत ते बरं झालं. मलाही एका सभेत एकाने सांगितलं होतं, "ताई, तुमचा विश्वास कमी पडतो." तेव्हा मी एकोणीस वर्षांची. त्या रात्री मांड्यांची हाडं कुणी आतून किसतंय असं दुखत होतं आणि मी मोजत बसले होते, कमी म्हणजे किती कमी? खरं तर माझा शब्दांचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मराठीत विश्वास कमी पडतो, उणा पडतो, वाढतो, डब्यातल्या तेलासारखा.

मोडीवाला :
माप तर खुद्द येशूनेच सांगितलंय, मोहरीचा दाणा. पण ते माप फार नको हे सांगायला आहे. विश्वासाची किलोवर मोजणी करणाऱ्यांना एवढं सांगावं की मोहरीचे हजार दाणे तळहातात मावतात.

याहून कामाची एक जागा आहे. बायबलात मार्कच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली बाई. पुष्कळ वैद्य झाले, होतं नव्हतं ते खर्चून बसली, आणि गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवली. तिला तो म्हणतो, "मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे." सभांमधलं आवडतं वचन. आता लूकचा सातवा अध्याय उघडा. तिथे एक पापी म्हणून ओळखली जाणारी बाई आहे, तिला दुखणं कसलंच नाही. तिलाही तो ग्रीकमध्ये शब्दाला शब्द हेच वाक्य म्हणतो. तिथे मात्र मराठीत तारणाचा शब्द येतो. ग्रीक क्रियापद एकच, ‘सोझो’ : वाचवणे, तारणे आणि बरे करणेही. मराठीला दोन शब्दांतून एक निवडावा लागला. निवड चुकली असं मी म्हणत नाही. पण ‘बरे केले’ एवढंच ऐकून वाढलेल्याला वाक्याची दुसरी बाजू दिसतच नाही.

सदरवाली :
हे मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

मग मार्कचाच दुसरा अध्याय मी सांगते. पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उघडून बाज खाली सोडतात. तिथे ‘त्यांचा विश्वास पाहून’ आहे. त्यांचा! खाटेवरच्याचा विश्वास किती होता, कुणी विचारलं नाही. माझ्या क्रायसिसमध्ये मला प्रार्थना करता येत नाही, दात आवळलेले असतात. तेव्हा मावशी करते.

इंदोऱ्याचा :
आणि प्रेषित पौलाचं काय? त्याच्या शरीरात काटा होता. तो काढावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर. ‘पुरे’ हा शब्दही बघा, पानात वाढताना म्हणतो तो.

मोडीवाला :
‘पुरे’ला दोन टोकं आहेत : पुरेसं, आणि आता बस झालं. पौलाला सुरुवातीला दुसरंच ऐकू आलं असेल की काय, ही आपली माझी शंका.

आता मूळ प्रश्नाचं माझं उत्तर : विसंबणे.

आज आपण ‘कुणावर विसंबणे’ म्हणतो, म्हणजे कुणाच्या आधारावर राहणे. पण जुना वापर वेगळा, आणि खेड्यापाड्यांत अजून जिवंत : ‘आई लेकराला क्षणभर विसंबत नाही.’ तिथे विसंबणे म्हणजे नजरेआड करणे, हातातून सोडणे, विसरणे. प्रत्यय बदलला की क्रियापद उलटं फिरतं. लेकराला विसंबणे आणि आईवर विसंबणे. दुसरा अर्थ पहिल्यातूनच निघाला असावा, असा माझा अंदाज : ज्याच्यावर सोपवलं, त्याच्याकडे सारखं वळून बघावं लागत नाही.

तुमच्या कामाचं असं की ‘विसंबणे’ला निकालाचा वास नाही. ‘विश्वास ठेवला’ म्हटलं की पुढे काय झालं ते विचारतात. ‘विसंबून आहे’ ही चालू स्थिती आहे, तिला शेवट लागत नाही. काठीवर विसंबून चालणारा पायांनीच चालतो. गोळ्या घेऊनही विसंबता येतं.

ड्यूटीवरून :
पण ‘केवळ नशिबावर विसंबून राहू नका’ असं आम्ही पेशंटला सांगतोच की. तिथे तोही हवाल्यासारखाच.

मोडीवाला :
बरोबर. ‘राहणे’ जोडलं की निष्क्रिय होतो, ‘केवळ’ जोडलं की आणखीच. म्हणून ‘विसंबून राहिले’ नको. ‘विसंबून चालले’, ‘विसंबून झोपले’, असं एखादं चालतं-बोलतं क्रियापद पुढे द्या.

इंदोऱ्याचा :
अजून एक. ताई ‘आजार’ म्हणतात, बायबल ‘दुखणाईत’ म्हणतं. याकोबाच्या पत्रात ‘कोणी दुखणाईत आहे काय?’ असं आहे, मग मंडळीच्या वडिलांना बोलवावं, तेल लावावं वगैरे. आजार फारसी, दुखणं आपलं.

सदरवाली :
‘दुखणाईत’ माझी आजी म्हणायची. पेशंट म्हटलं की केसपेपर आठवतो, रुग्ण म्हटलं की बोर्ड. दुखणाईत म्हणजे घरातलंच माणूस, ज्याचं ताट वेगळं वाढून ठेवतात.

वाक्य असं केलंय : "मी जन्माची दुखणाईत. औषध घेते, आणि देवावर विसंबून रोज रात्री दिवा मालवते." मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दिवा मालवते काऊन, झोपते लिही ना." मी म्हटलं, मावशी, दुखत असलं की झोप येत नाही, दिवा मात्र मालवता येतो. मग ती काही बोलली नाही.

ड्यूटीवरून :
वाक्य छान झालंय, ताई. पण मे महिना आहे, नागपूरचा. शरीरातलं पाणी कमी झालं की त्या विळ्यासारख्या पेशी अडकतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. साक्षीच्या दिवशीही पाण्याच्या बाटलीला विसंबू नका.

मोडीवाला :
प्रत्यय अचूक!