शेतकरी कंपनीच्या कपाटात 'यशस्वी व्हा' छाप पुस्तकं काहून ठेवायची?

वावरवाला (दारव्हा तालुका)

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला गोदामाला लागून एक खोली मिळाली आहे. गावचाच एक माणूस पुण्यात चांगल्या पगारावर आहे. त्याने कपाट दिलं, पुस्तकांसाठी पैसे दिले आणि सोबत यादीही धाडली. संचालकांनी आणि गावातल्या पोरांनी नेतृत्व, व्यवस्थापन आणि यश यांवर काय वाचावं, याची ती यादी. कोव्हींच्या सात सवयी, डेल कार्नेगी, 'रिच डॅड पुअर डॅड', 'गुड टु ग्रेट', 'ॲटॉमिक हॅबिट्स' आणि त्याच जातकुळीची आणखी काही. पैसे त्याचे, भावना चांगली, पण माझा या यादीला विरोध आहे. पुढच्या सभेत तो मांडणार आहे. जे काय ऐकून घ्यायचं ते आधी इथेच ऐकून घेतो.

ही सगळी एकट्या माणसाची पुस्तकं आहेत. मी पुढे कसा जाऊ, माझी सकाळ, माझी सवय, माझा पैसा. आमची अडचण ती नाहीच. उत्पादक कंपनीत शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. प्रत्येकाला आपलं सोयाबीन तालुक्यात एक नंबर वाटतं. ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, यंत्र साडेतेरा दाखवतं आणि कट्टा असतो संचालकाच्या साडूचा. काट्यावर बसलेल्या पोराने तिथे काय करायचं? पहाटे पाचला उठून याचं उत्तर सापडत नाही.

दुसरं, या पुस्तकांचा पुरावा कच्चा असतो. 'गुड टु ग्रेट' 2001 साली आलं. त्यात चांगल्यापासून थोर झालेल्या म्हणून 11 अमेरिकन कंपन्या निवडल्या होत्या. त्यांतली विजेच्या वस्तू विकणारी सर्किट सिटी 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि घरकर्जांच्या धंद्यातली फॅनी मे त्याच वर्षी तिथल्या सरकारला ताब्यात घ्यावी लागली. जिंकलेल्यांकडे मागे वळून पाहिलं की गुणच गुण दिसतात. तेच गुण अंगी असूनही बुडालेल्यांची कोणी मोजदाद ठेवत नाही.

मी सुचवतो ती तीन. अमूलवाल्या वर्गीज कुरियन यांचं 'माझंही एक स्वप्न होतं', कारण पगारी व्यवस्थापक आणि निवडून आलेलं मंडळ यांचं नातं त्यात आहे. अतुल गावंडे यांचं चेकलिस्टवरचं, म्हणजे काम करताना तपासायच्या यादीवरचं पुस्तक. या डॉक्टरचं मूळ गाव आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातलं, उमरखेड तालुक्यातलं उटी. आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं सामायिक मालमत्तेवरचं पुस्तक, 1990 चं. जंगल, चराई, कालव्याचं पाणी लोक एकत्र कसं सांभाळतात आणि कुठे फसतात, यावर त्या बाईंनी आयुष्य घातलं. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या विषयात ते मिळवणारी पहिली बाई.

बोला आता.

सेतूवाला_आर्णी

बोलतो ना भाऊ. पुण्यातल्या माणसानं ही पुस्तकं वाचली, पुढे गेला, आता गावाले पैसे देऊन राहिला. आन् आमच्या पोट्ट्यानं तेच पुस्तक हातात घेतलं की तुमी म्हणता, हे एकट्याचं पुस्तक हाये, ठेव खाली. वा रे वा! गावात राहणाऱ्यानं फक्त समूहाचाच विचार करायचा, अन् पुढे जायचं ते शहरवाल्यानं, असा कायदा हाये का काही?

'रिच डॅड' ले लोक हसतात. माह्या केंद्रावर रोज कर्जाचे कागद घेऊन माणसं येतात. त्यातल्या एकाले ट्रॅक्टर घ्यायचा होता, कोटेशनसकट बसला होता. वावर किती, तर पाच एकर. म्या त्याले त्या पुस्तकातली एकच गोष्ट सांगितली, खिशात पैसा टाकते ते मालमत्ता, खिशातून काढते ते देणं. मंग कागदावर हिशोब मांडला. दुसऱ्याच्या वावरात किती तास चालन, डिझेल किती, हप्ता किती. उठून गेला बिचारा, भाड्यानंच नांगरटी करून राहिला अजून. हे कोणत्या ऑस्ट्रॉमबाईच्या पुस्तकात हाये?

अन् कार्नेगीचं पुस्तक 1936 चं हाये. त्यात पहिलीच गोष्ट, लोकाइले टोचून बोलू नका. तुमच्या मीटिंगा पाह्यल्या म्या. एकमेकांचं खानदान काढल्याशिवाय विषय क्रमांक एक संपत नाही. तुमच्या संचालकाइलेच ते पुस्तक आधी द्या.

मोझरीकर

दोघांचंही ऐकलं. अमेरिकेत कशाला जाता राजेहो? तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीता' लिहिली ती आपल्याच मातीत बसून, आपल्याच लोकांसाठी. 41 अध्याय आहेत. संघटन आहे, ग्रामआरोग्य आहे, शिक्षण आहे, गरिबी-श्रीमंती आहे, स्त्रियांची उन्नती आहे. नेतृत्वावर इतकं सोपं आणि इतकं रोखठोक दुसरं काय सापडणार? शिवाय ओवी आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही पाठ होते. तुमची तिन्ही पुस्तकं हे करून दाखवतील का?

वावरवाला

मोझरीकर, ग्रामगीता आमच्या गावात घरोघरी आहे. लाल कापडात, देव्हाऱ्याशेजारी. सप्ताहात वाचतात, हार घालतात, परत गुंडाळून ठेवतात. महाराजांनी ज्या भोंगळपणावर आसूड ओढले तोच आपण त्यांच्या पुस्तकाशी केला. ती कपाटात हवीच, यावर माझं भांडण नाही. पण संचालकाला ताळेबंद वाचता येत नसेल तर ओवी पाठ असून ऑडिटर थांबत नाही.

सेतूवाले, ट्रॅक्टरचा हिशोब तुम्ही मांडलात, पुस्तकाने नाही. हिशोब करता येणारा माणूस समोर होता म्हणून तो वाचला. तेच पुस्तक आमच्याकडे कोणाच्या हातात असतं माहीत आहे ना? चेन मार्केटिंगवाल्यांच्या. कोट घालून येतात, आधी पुस्तक देतात, मग डब्बे विकतात, मग म्हणतात खाली माणसं जोड. त्या लेखकाने नेटवर्क मार्केटिंगची उघड भलामण केलेली आहे. गावातल्या चार घरचे पैसे असे गेलेले मी पाहिले आहेत.

सेतूवाला_आर्णी

मंग चाकूनं भाजी पण चिरते अन् बोट पण. तुमचा कुरियन तरी काय हाये? आत्मचरित्रच ना? एकट्या माणसानं सांगितलेली एकट्या माणसाची गोष्ट! तुमचाच नियम तुमाले लावला तर ते पण कपाटाबाहेर.

वावरवाला

हा मुद्दा जोरदार आहे, टाळता येत नाही. पण तो माणूस स्वतःला शेतकऱ्यांचा नोकर म्हणवून घ्यायचा. 1949 मध्ये आणंदला आला तो सरकारी नोकरीच्या बंधनापायी, मनाविरुद्ध. लोकांना दारोदार जाऊन दूध संघात आणणारे त्रिभुवनदास पटेल आधीपासून तिथे होते. पुस्तक वाचताना मी नेहमी पटेलांकडे बघतो. लोकांचा विश्वास एकाकडे, यंत्रं आणि बाजार दुसऱ्याकडे, आणि पहिल्याने दुसऱ्याच्या कामात लुडबुड केली नाही. आमच्याकडे अध्यक्षालाच सीईओ व्हायचं असतं आणि सीईओला पुढच्या वर्षी दुसरीकडे नोकरी हवी असते.

गटाची_लेखनिक (केळापूर)

मला एक विचारायचं आहे. ही पुस्तकं वाचणार कधी आणि कोण? वेचणीच्या दिवसात बाई सकाळी डबा बांधून वावरात जाते, ती दिवेलागणीला येते. आमच्या बचत गटात दहा बायका. तिघी सरळ वाचतात, चौघी अक्षर लावून लावून वाचतात, बाकीच्या अंगठ्यावरून सहीवर आल्या आहेत. तरी गट चालू आहे, बँकेचं कर्ज वेळेवर फिटतं. दर आठवड्याला बैठक, बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहून ठेवलेला हिशोब, एवढ्या पाच गोष्टी पाळतो. याला तुम्ही व्यवस्थापन म्हणता की नाही, ते मला माहीत नाही.

आणि लेखनिक म्हणून सांगते, नेतृत्व कशात असतं ते. परतफेड चुकली की सगळ्या माझ्याकडे बघतात. जिची चुकली ती माझी जाऊ. इतिवृत्तात तिचं नाव लिहायचं की 'एका सदस्येची परतफेड बाकी' असं लिहायचं? मी नाव लिहिलं. संक्रांतीला ती वाणाला आली नाही. पण त्यानंतर कोणाचाच हप्ता चुकला नाही, तिचाही नाही. अशी गोष्ट कोणत्या पुस्तकात असेल तर सांगा, बैठकीत मोठ्याने वाचून दाखवते.

वावरवाला

ताई, तुम्ही जे केलं त्याच्या आसपासचंच ऑस्ट्रॉमबाईंनी लिहिलं आहे. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही गोष्टी परत परत दिसल्या. सभासद कोण आणि कोण नाही ते पक्कं. नियम ज्यांना पाळायचे त्यांनीच केलेले. लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच किंवा त्यांना उत्तर देणारे. आणि चूक झाली की पहिल्या वेळी दंड अगदी लहान, पुन्हा झाली तर वाढत जाणारा. तंटा मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त. स्पेनमधल्या वालेन्सियाच्या कालव्यांचं उदाहरण त्यात आहे. तिथले पाण्याचे पंच दर गुरुवारी चर्चच्या दारात बसतात, शेतकरी तोंडी बाजू मांडतो, निकाल तिथल्या तिथे. आपल्याकडच्या पाणी वापर संस्थांच्या सभा आठवा आणि काय ते ठरवा.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि जड आहे, हे खरं. मी म्हणतो, ज्याला जमेल त्याने वाचावं आणि बैठकीत सांगावं.

गटाची_लेखनिक

म्हणजे सांगणारे पुन्हा तुम्हीच. बरं. सेवा बँकेबद्दल काही असेल तर तेही आणा. 1974 मध्ये अहमदाबादेत 4000 बायकांनी दहा-दहा रुपये शेअरचे घालून ती उभी केली, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. तुमच्या तिघांत दोघे पुरुष आणि पुण्याच्या यादीत तर सगळेच!

धानोराकर

मेंढा-लेखाचं नाव अजून कोणी काढलं नाही, याचं नवल वाटतं. गडचिरोलीतलं, आमच्या धानोरा तालुक्यातलं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला, हेही पेपरात आलं. पण बाहेरचे लोक अभ्यास गट विसरतात. तिथे चर्चा करायची जागा आणि निर्णय घ्यायची जागा वेगळी ठेवली. अभ्यास गटात कोणीही यावं, बाहेरच्याने यावं, कायदा वाचावा, वाद घालावा. निर्णय मात्र तिथे होत नाही. तो ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. बहुमत झालं म्हणून हात वर करून मोकळे होत नाहीत.

तर वावरवाले, तुमचं कपाट कोणत्या पुस्तकांनी भरता हा दुय्यम प्रश्न आहे. आधी वाचणारा गट बसवा. त्या गटाने रिच डॅड वाचलं तरी बिघडणार नाही, कारण समोर बसलेला कोणीतरी म्हणेलच की हे आपल्या गावात लागू होत नाही.

सेतूवाला_आर्णी

हे बोलले बरोबर! पुस्तक बंद करायची भाषा नाही केली. 👍

वावरवाला

मीही बंदीची भाषा केलेली नाही, पैसे मर्यादित आहेत एवढंच म्हणतो. अभ्यास गटाचं मात्र पटलं. पण सर्वसहमती आमच्याकडे चालेल असं वाटत नाही. मेंढ्यात शंभराच्या आसपास घरं, एकाच समाजाची, एकाच जंगलावर जगणारी. आमच्या कंपनीत अनेक गावं, त्यात तीन गावांचं ग्रामपंचायतीवरून जुनं वैर. सहमतीची वाट पाहिली तर सोयाबीनचा हंगाम निघून जाईल आणि माल व्यापाऱ्याच्या दारात.

धानोराकर

मेंढ्यातही ते एका दिवसात झालं नाही. आणि तुमच्या बहुमताने साडूचा कट्टा अडला का?

वावरवाला

बहुमताने नाही, यादीने अडला. तीच तर गावंडेंच्या पुस्तकाची गंमत. शस्त्रक्रियेआधी, दरम्यान आणि नंतर मिळून तपासायच्या 19 बाबी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 वर आलं. कारण नर्सला मोठ्या डॉक्टरला थांबवायचा अधिकार मिळतो. तिला त्याच्याशी भांडावं लागत नाही, यादी म्हणते म्हणून ती विचारते. आम्ही काट्याच्या भिंतीवर पुठ्ठा लावला. कट्टा उघडा, वर, मध्ये, खाली तीन जागांहून नमुना घ्या, आकडा मालकाला दाखवा, वहीत लिहा, दोघांची सही. पोरगं आता 'काका, सही करा' एवढंच म्हणतं. साडू पहिल्या दिवशी पाय आपटत गेला, पण माल वाळवून परत आणला.

मोझरीकर

आणि वाळवायला ताडपत्री कंपनीने दिली की त्याची त्यानेच आणली? ग्रामगीता वाचली असती तर आधी ती दिली असती, पुठ्ठा नंतर लावला असता.

वावरवाला

त्याचीच होती. कंपनीच्या ताडपत्र्यांचा ठराव आता मांडतो.

अभ्यासिका_बाभूळगाव

काका लोकहो, आम्हा परीक्षा देणाऱ्यांना कोणी विचारलंच नाही. आम्हाला यशाचं पुस्तक नको आणि स्पेनचा कालवाही नको. राज्याचा मोठा नकाशा, गणिताची सरावाची पुस्तकं आणि रात्री दहापर्यंत खोली उघडी. इन्व्हर्टर असेल तर फारच उत्तम.

सेतूवाला_आर्णी

हा खरा ग्राहक! वावरवाले, ऐका. पुण्यावाल्याच्या यादीतलं अर्धं घ्या, तुमचं अर्धं घ्या, ताईचं सेवा बँकेवालं घ्या, ग्रामगीता देव्हाऱ्यातून काढून टेबलावर आणा. पण 'रिच डॅड' ची एक प्रत ठेवाच. तुमी नाही ठेवली तर पोट्टे चोरीची पीडीएफ मोबाईलवर वाचतीन, अन् मंग वाद घालाले तुमी समोर नसान.

वावरवाला

एक प्रत. आणि पहिल्या पानावर ट्रॅक्टरचा तो हिशोब तुमच्याच हाताने लिहून द्यायचा. येता का रविवारी?

सेतूवाला_आर्णी

रविवारी बाजार हाये. सोमवारी येतो, चहा तुमच्याकडे.