मदत हवी आहे : घराच्या जुन्या खांबाचं वय कार्बन पद्धतीने काढता येईल का?

राजांगण :
नमस्कार मंडळी. गोव्यात फोंडा तालुक्यात आमचं मूळ घर आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मधे राजांगण म्हणजे उघडं अंगण, भोवती चार खांब. पावसाआधी छप्पर उतरवायला घेतलं आणि लक्षात आलं की एक खांब वाळवीने आतून पोखरलाय, बदलावाच लागेल. सुतार म्हणतो हा फणसाचा, बाकीचे तीन सागाचे.

आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की १५६० च्या सुमारास मंगेशाचं देवस्थान कुशस्थळीहून प्रियोळला आलं तेव्हा आमची माणसंही नदी ओलांडून आली, आणि घर तेव्हाचंच. थोरल्या काकांचं म्हणणं त्याही पुढचं : खांब तिकडच्या मोडलेल्या घराचे, होडीतून आणलेले, म्हणजे आणखी शंभर वर्षं जुने. पुतणी म्हणते, काही नाही, घर फार तर दीडशे वर्षांचं. जेवताना रोज हाच विषय.

खांबाचा तुकडा प्रयोगशाळेत देऊन निकाल लागेल का? शिवाय माळ्यावर तांब्याची समई आणि एक पोथी आहे, आणि पायाजवळ खणताना कोळसा नि शिंपल्यांचा थर लागला. यातल्या कशाकशाचं वय निघतं?

मांडवीकाठ :
समई सोडून द्या. धातूचं नाही, चिऱ्याचंही नाही. जे कधीतरी जिवंत होतं त्याचंच निघतं : लाकूड, कोळसा, हाड, बी, कापूस, कागद, शिंपला. पोथीच्या शेवटच्या पानावर शक घातलेला असतो बहुतेक वेळा. तो आधी वाचा, फुकट आहे.

निवृत्त_रसायनी :
राजांगण, थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या घरातल्या तीन मतांपैकी एकच या पद्धतीच्या तावडीत सापडतं.

अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वरच्या वातावरणात न्यूट्रॉन मोकळे होतात. ते नायट्रोजनवर आदळले की कार्बन-१४ तयार होतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि झाडं तो अन्न तयार करताना घेतात. प्रमाण अगदी नगण्य : साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. झाड जगतंय तोवर नवा कार्बन येत राहतो. लाकडाचं वलय एकदा बनून बंद झालं की आवक थांबते, आणि असलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. उरलेला मोजायचा, की वय. विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली आणि १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्यासारखं फारसं उरत नाही, पण तो तुमचा प्रश्न नव्हे. तुमचा प्रश्न उलटा आहे : तुमचा खांब फार तरुण आहे.

१५६० च्या लाकडातला कार्बन-१४ आजवर जेमतेम साडेपाच टक्के कमी झालेला असणार. आजची यंत्रं तेवढंही पकडतात, चूक सहसा पंचवीस-तीस वर्षांची. पण हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखं नव्हतं. म्हणून मोजलेलं वय वलयांनी वय ठरलेल्या झाडांच्या आलेखाशी ताडून घ्यावं लागतं. हा आलेख सरळ उतरत नाही, मधेमधे आडवा पडतो. नेमका साधारण १४८० ते १६३० या काळात तो आडवाच आहे. म्हणजे १५०० चं लाकूड काय, १५६० चं काय नि १६२० चं काय, उत्तर जवळपास सारखंच येणार. १६५० नंतर तर तो इतका वरखाली होतो की एकाच मोजणीला सतराव्या, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली दोनतीन वेगवेगळी उत्तरं लागू पडतात.

तर काका विरुद्ध परंपरा हा वाद एका नमुन्यावर सहसा सुटणार नाही. पुतणीचा मात्र तपासता येतो. १८७० च्या आसपास तोडलेलं झाड आणि १५६० चं झाड आकड्यात वेगळे पडतात.

पण त्यातही एक पाचर आहे. यंत्र सांगतं ते वलयाचं वय, घराचं नव्हे. सागाचा गाभा त्याच्या सालीपेक्षा शंभर-दीडशे वर्षं जुना असू शकतो. वर आपल्याकडे जुन्या घराचे खांब नव्या घरात लावायची पद्धत आहेच, काका तेच सांगतायत. म्हणून लाकूड नवं निघालं तर तो खांब तरी १५६० चा नाही एवढं पक्कं. जुनं निघालं तर घर जुनं असं सिद्ध होत नाही. पैसे भरण्याआधी हे घरात सर्वांना नीट समजावून सांगा, नाहीतर अहवाल आल्यावर वाद दुप्पट.

अंत्रुजकार :
वाळवीसाठी खांबाला डांबर लावलेलं असेल ना? आमच्याकडे बुंध्याला सर्रास लावतात.

निवृत्त_रसायनी :
अगदी कळीचा मुद्दा. दगडी कोळशापासूनच्या डांबरात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. नमुन्यात असा मृत कार्बन एक टक्का जरी राहिला तरी वय सुमारे ऐंशी वर्षांनी वाढतं. काका खूश होतील, पण चुकीच्या आकड्यावर. खोबरेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावलं असेल तर उलट, लाकूड तरुण दिसतं. प्रयोगशाळा आम्ल-अल्कलीने धुतात, तरी काय लावलंय ते लेखी कळवा आणि तुकडा वरच्या, न माखलेल्या भागातून काढा.

कुशावती :
मधेच विचारते. उसगाळीमळला नदीकाठी चिऱ्याच्या कातळावर जी चित्रं कोरलेली आहेत, त्यांचं वय असं का नाही काढत? वेगवेगळे लोक वेगवेगळे आकडे सांगतात.

मांडवीकाठ :
कोरलेल्या रेषेत कार्बन कुठून येणार? दगड खरवडलाय, काही भरलेलं नाही. चित्रावर साचलेल्या गाळाच्या थरात जागच्या जागी कोळसा मिळाला तर "चित्र यापेक्षा जुनं" इतकं म्हणता येतं. तेसुद्धा कोळसा वाहून आलेला नाही याची खात्री असेल तर.

राजांगण :
निवृत्त_रसायनी, खूप आभार. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी खोटा ठरत नाही ना? मग झालं." मग पायाजवळचा कोळसा आणि शिंपले पाठवू का?

निवृत्त_रसायनी :
शिंपले नको. समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो, त्यामुळे शिंपला सरसकट चारेकशे वर्षांनी म्हातारा दिसतो, आणि ही वजाबाकी किनाऱ्यागणिक बदलते. तुमच्यासारख्या जवळच्या काळाला त्याचा उपयोग नाही. कोळसाही जाड लाकडाचा असेल तर खांबाचीच अडचण. त्या थरात करपलेलं भात किंवा कुळीथ मिळतं का बघा. दाणा एकाच हंगामाचा असतो, त्यामुळे गाभ्याची भानगड नाही. पायाच्या चिऱ्याखाली दाबलेला दाणा माझ्या मते खांबापेक्षा चांगला साक्षीदार. तो खरंच चिऱ्याखालचा आहे हे फोटोत दिसू द्या.

खांबच तपासायचा असेल तर सागाच्या खांबातून दहा-दहा वलयांच्या ठरावीक अंतराने तीन-चार नमुने द्या. वलयांमधलं अंतर माहीत असलं की सगळे आकडे एकत्र त्या आलेखावर सरकवून बसवता येतात आणि आडव्या पट्ट्यातूनही बरीच नेमकी तारीख निघते. खर्च तेवढ्या पटीत. फणसाची वलयं सागाइतकी स्वच्छ दिसत नाहीत, त्याच्यावर हे अवघड.

अंत्रुजकार :
आणि पणजीला पुराभिलेखात एक चक्कर मारा. पोर्तुगीज, मोडी, सगळी दप्तरं आहेत. फक्त फोंडा पोर्तुगीजांच्या हाती गेला १७६३ मध्ये, त्यामुळे त्याआधीचं तिथे कमी मिळेल.

राजांगण :
हो, पोथीचं शेवटचं पानही उद्या बघते. नमुना कुठे पाठवायचा, आणि कसा?

निवृत्त_रसायनी :
लखनौची बीरबल साहनी संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर इथे हे काम होतं. आधी लिहून विचारा, खाजगी नमुने घेतात का ते. प्रवेगकाच्या, म्हणजे अणू थेट मोजणाऱ्या, यंत्राला काही मिलिग्रॅम कार्बन पुरतो, म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा भरपूर. स्वच्छ सुरीने काढा, हाताचं तेल लागू देऊ नका, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा. कापूस किंवा वर्तमानपत्र नको, त्यातही कार्बनच आहे. सुताराला आजच सांगून ठेवा की जुना खांब चुलीत घालू नकोस.