मुंबईचा टाउन हॉल: खांब मोजायचे कसे, आणि कूपरचे श्रेय किती?

फोर्टवाट: नमस्कार. वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मोजमापाच्या सरावासाठी एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलवर न्यायचे आहे. परांची न लावता खांबांचा व्यास आणि उंची कशी काढावी? टिपणात तीन विधाने आहेत: इमारत कर्नल थॉमस कूपरने बांधली, शैली डोरिक (साध्या, जाड खांबांची प्राचीन ग्रीक पद्धत) आहे, इंग्लंडहून आलेले जास्तीचे खांब भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला लावले. यातले काय ठेवू?

जुनेदप्तर: पहिले विधान बदला. आराखडा कूपरचा, पण तो १८२५ मध्ये वारला. काम १८२१ ला सुरू होऊन १८३३ ला संपले, म्हणजे निम्म्याहून जास्त बांधकाम इतर अभियंत्यांच्या हातून झाले. "आराखडा कूपरचा, पूर्तता इतरांची" असे लिहा.

कल्पना त्याहून जुनी. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी १८०४ मध्ये लिटररी सोसायटी (आजच्या एशियाटिकची पूर्वज) स्थापली आणि तिच्याच मंडळींनी टाउन हॉलचा आग्रह धरला. लॉटरी काढून पैसा उभारायचा प्रयत्न झाला, तो पुरला नाही. उरलेला भार कंपनी सरकारने उचलला. बारा वर्षे का लागली, याचे बरेचसे उत्तर या पैशात आहे, आणि मुलांना ते जरूर सांगा. समोर तेव्हा हॉर्निमन सर्कल नव्हते, मोकळे बॉम्बे ग्रीन होते. एवढा भव्य दर्शनी भाग त्या मैदानावरून दिसण्यासाठी आहे. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला.

ओळंबा: मोजणीचे सांगतो. व्यासासाठी टेप अगदी बुंध्याशी गुंडाळा. छातीच्या उंचीवर गुंडाळलात तर खांब वर निमुळता होत गेलेला असल्याने आकडा कमी येतो. परिघाला ३.१४ ने भागा. टेप पन्हळींच्या (खांबावरच्या उभ्या खोबणींच्या) फक्त कडांना टेकतो. २० पन्हळी असतील तर व्यास सुमारे ०.४ टक्के कमी भरतो, म्हणजे १.५ मीटरला ६ मिलिमीटर. पन्हळी प्रत्येक गटाने स्वतः मोजाव्यात.

उंचीसाठी रस्त्याच्या बाजूला एका जागी उभे राहून खांबाच्या तळाचा आणि माथ्याचा कोन घ्या. दोन्ही कोन डोळ्याच्या पातळीपासून वर मोजलेले हवेत. दोन्हींच्या टॅन्जंटमधला फरक गुणिले आडवे अंतर, ही खांबाची उंची. डोळ्याची उंची वेगळी मिळवावी लागत नाही.

हमखास चूक होते ती पायऱ्यांवर. ३० पायऱ्या आहेत. पाऊल (पायरीची आडवी रुंदी) ३० सेंमी आणि चढ १५ सेंमी धरला तर आडवे अंतर ९ मीटर. टेप उतारावरून टाकला तर १० मीटरच्या वर जाते. म्हणून प्रत्येक पायरीचे पाऊल मोजून बेरीज करा, किंवा टेप समतल धरून टप्प्याटप्प्याने ओळंबा सोडा. मोबाइलवरचा कोनमापक एकदाच वाचू नका: २५ मीटरवरून ३० अंशाच्या आसपास एका अंशाची चूक म्हणजे जवळजवळ ५८ सेंमी. तिघांनी वाचून सरासरी घ्या.

फोर्टवाट: आभार. डोरिकचे काय?

खांबशीर्ष: दर्शनी आठ खांबांपुरते डोरिक बरोबर. आतल्या सभागृहात कोरिंथियन (माथ्याला पानांची नक्षी असलेले) खांब आहेत, त्यामुळे "इमारत डोरिक" म्हणू नका. "नवअभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन धर्तीची), पुढे ग्रीक डोरिक ओवरी" म्हणा. ओळखायला आधी तळखडा (खांबाखालची दगडी बैठक) बघा. ग्रीक डोरिक खांब थेट जोत्यावर उभा राहतो, रोमनला बहुधा तळखडा असतो. मग उंचीला बुंध्याच्या व्यासाने भागा. अथेन्सच्या पार्थेनॉनचे गुणोत्तर सुमारे ५.५ येते आणि त्याच्याही दर्शनी बाजूला आठच खांब आहेत. तुलनेला शेजारची टांकसाळ आहेच, तिचे खांब आयोनिक (माथ्याला वेटोळी असलेले).

दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी ती सावलीत असते. पन्हळी फोटोत उठून हव्या असतील तर दुपारनंतर जा. आत जायला सोसायटीची परवानगी आधीच काढा. जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आतच आहे.

भायखळ्याची गोष्ट "असे सांगतात" या शब्दांनीच द्या. वेळ असेल तर तिथल्या खांबांचाही बुंध्याशी व्यास घ्या आणि पन्हळी मोजा. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत, तर एकाच खेपेतले खांब म्हणणे अवघड जाईल. जुळले, तर जुनी कागदपत्रे चाळायला चांगले कारण मिळेल.