मदत हवी आहे: बाळ चमच्याने काहीच घेत नाही, चमचा कुठला घेऊ?

नवी_आई_इंदूर
लवकर सांगा, वैताग आलाय. उष्टावण होऊन आठ दिवस झाले, मुलगी एक घास गिळत नाही. तोंड उघडते, खीर आत जाते आणि लगेच जिभेने बाहेर. अर्धी हनुवटीवर, अर्धी लाळेऱ्यावर. चांदीचा चमचा झाला, सिलिकॉनचा झाला, ती पिळायची बाटली मिळते चमचा लावलेली, तीपण आणली. उंच खुर्ची काल आली. आता बाळाच्या खाण्याचं वेगळं मिक्सर-स्टीमर बघतेय, साडेचार हजाराचं. घेऊ का? आणि चमचा कुठला? "धीर धर" सोडून काहीही सांगा.

पोळीभाजी
वय?

ग्वाल्हेरची_लेक
मिक्सर मुळीच घेऊ नका. घरात पुरणयंत्र असेलच. मऊ खिचडी शिजवायची, बारीक जाळी लावायची, दोन मिनिटांत काम. मिक्सरमध्ये एवढंसं खाणं फिरतच नाही, सगळं भिंतींना चिकटतं, मग आपण पाणी घालत बसतो आणि बाळाला पाणीच जातं. माझी दोन्ही मुलं पुरणयंत्रावर वाढली.

सियागंजवाला
खीर कशाला, नाचणीचं सत्त्व द्या. मोड आणून, सावलीत वाळवून, जरा भाजून दळायची आणि कापडातून गाळायची. मोडाच्या पिठाची पेज लवकर घट्ट होत नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त बसतं.

बडोदेकर
आमच्याकडे नाचणीला नागली म्हणतात. तिची राब करतात.

रामबागची_आजी
अगं, चमच्याला मधाचं बोट लाव. गोड लागलं की चाटेल. आमच्या वेळी हे सिलिकॉन-बिलिकॉन काही नव्हतं, बोंडल्याने पाजायचो.

दोन_लेकरांची_आई
आजी, मध नको. वर्षाच्या आत अजिबात नाही. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यांना ते झेपत नाहीत. उकळूनही ते मरतील याची खात्री नसते.

रामबागची_आजी
माझ्या चारही मुलांना जन्मल्या दिवशी मध चाटवला होता. एक आज बँकेत मॅनेजर आहे.

दोन_लेकरांची_आई
मॅनेजर मधामुळे झाला नाही ना आजी. माझ्या आजीनेही चाटवला होता, काही झालं नाही. पण ज्याला होतं त्याला श्वासापर्यंत जातं.

पोळीभाजी
वय विचारलं होतं. बसते का? खिरीत काय घालता? पडून भरवता की मांडीवर?

नवी_आई_इंदूर
सहावा चालू आहे. मांडीवर आडवी घेऊन भरवते. तांदळाची खीर, गाईचं दूध, थोडी साखर. वजन बरोबर आहे, डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात केलं. चमच्याचं सांगा ना कोणीतरी.

पोळीभाजी
सहावा लागलाय की संपलाय?

नवी_आई_इंदूर
5 महिने 12 दिवस. मुलगी म्हणून विषम महिना, सासूबाईंनी पाचव्यातला मुहूर्त काढला.

बडोदेकर
मग पाच पूर्ण झाल्यावर तो सहावा झाला. सम. मुहूर्तच चुकला की!

रामबागची_आजी
पूर्ण झालेले महिनेच मोजतात. उगाच शंका काढू नका.

बडोदेकर
आमच्याकडे चालू महिना मोजतात.

दोन_लेकरांची_आई
मुहूर्ताचं नंतर बघा. ताई, चमचा बदलून काही होणार नाही. जिभेने बाहेर ढकलणं हा हट्ट नाही, लहान बाळाची ती सवयच असते, घशात काही अडकू नये म्हणून. सहाव्या महिन्याच्या आसपास ती सुटते. मान पक्की झाली, आधाराने बसू लागली, तुमच्या ताटाकडे हात टाकू लागली की समजा तयार आहे. बालरोगतज्ज्ञही सहा महिने पूर्ण झाल्यावरच वरचं सांगतात. उष्टावणीचा घास हा समारंभ होता, तो छान पार पडला. अजून अठरा-एक दिवस नुसतं दूध पाजा.

मग आडवी नाही, मांडीवर सरळ बसवून. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, मऊ भात-मुगाचं वरण, तुपाचा थेंब. चमचा तिरका केला तर ओघळू नये इतकं घट्ट. वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरतं, अंगी लागत नाही. सहा महिन्यांनंतर लोह कमी पडू लागतं, म्हणून डाळी, नाचणी, चालत असेल तर अंड्याचा बलक. साखर-मीठ वर्षभर नको. गाईचं दूध खाण्यात थोडं चालेल, आईच्या दुधाऐवजी नको. आणि ती पिळायची बाटली ठेवून द्या, त्यात बाळाला चावायला काही शिकायचंच राहत नाही.

चमचा विचारलाच आहे तर: उथळ, छोटा, कडा गुळगुळीत. चांदीचे बहुतेक खोलगट असतात, ओठाने पुसता येत नाही.

पोळीभाजी
दुधाचं खाणं पचत नसेल असं मला वाटलं होतं. पाच महिने म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

सियागंजवाला
नाचणी आत्ताच घेऊन ठेवलीत तरी चालेल, तिला सहसा कीड लागत नाही. सियागंजला यायचंच असेल तर अमुक दुकान सांगतो. शेव पण तिथलीच घ्या, लवंगेची. दुसरीकडची जरा तेलकट.

ग्वाल्हेरची_लेक
इंदूरच्या लोकांचा प्रत्येक धागा शेवेवर का येतो?

सियागंजवाला
भिया, पोह्यावर पण येतो.

नवी_आई_इंदूर
अठरा दिवस! सासूबाईंना काय सांगू, त्या रोज दुपारी विचारतात "आज किती खाल्लं". मिक्सर रद्द. खुर्चीचा खोका फोडलेला नाही, परत करू का? सहा महिन्यांनंतर लागेलच ना?

दोन_लेकरांची_आई
ठेवली तरी चालेल, पण स्वतःहून नीट बसू लागेपर्यंत मांडी पुरते. आणि पट्टा लावल्याशिवाय त्यात बसवू नका. सासूबाईंना डॉक्टरांनी सांगितलं असं सांगा, म्हणजे वाईटपणा त्यांच्याकडे.

सियागंजवाला
परत करत असाल तर थांबा. कितीची आहे? माझ्या बहिणीच्या मुलाला आठवा चालू आहे.

पोळीभाजी
लागलाय की संपलाय?