सस्टेनेबल म्हणजे शाश्वत, टिकाऊ की अजून काही?

शंकेखोर: एका कंपनीच्या अहवालाचं मराठी करतोय. 'ग्रीन टेक्नॉलॉजी आणि स्मार्ट लॉजिस्टिक्समुळे सस्टेनेबल बिझनेस परफॉर्मन्सला सपोर्ट मिळतो' असं वाक्य आहे, मी केलं 'हरित तंत्रज्ञान आणि चतुर रसदव्यवस्थेमुळे शाश्वत व्यवसायकामगिरीला बळ मिळतं'. तपासणाऱ्या बाईंनी 'रसद' खोडलं, म्हणे लढाईतला शब्द, आणि 'शाश्वत'वर प्रश्नचिन्ह. काय करू?

बोरूबहाद्दर: मग लॉजिस्टिक्स तरी कुठला? तोही लष्करातलाच की! जोमिनी नावाच्या सेनानीने १८३८ मध्ये युद्धशास्त्रावर फ्रेंचमध्ये लिहिलं तिथून तो रुळला, फौजेचा मुक्काम, दाणागोटा, हलवाहलव. रसद ठेवा बिनधास्त.

गाडीवान: नाही हो, रसद म्हणजे माल पोचवला की झालं. लॉजिस्टिक्समध्ये गाडी कुठल्या रस्त्याने न्यायची, एका फेरीत किती थांबे बसवायचे, इंजिन चालू ठेवून उभी किती राहिली, सगळं येतं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे फेरी वाचली की पैसेही वाचले आणि धूरही. अमेरिकेत यूपीएस या पार्सल कंपनीवाले रूट आखतानाच डावी वळणं शक्यतो टाळतात, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात ना, मग डावीकडे वळायचं तर समोरची रांग संपेपर्यंत इंजिन नुसतं घुरघुरत बसतं. आता यात ग्रीन कुठलं आणि स्मार्ट कुठलं सांगा बघू. त्या वाक्यातला 'आणि'च मला पटत नाही.

शुद्धमती: ते राहू दे, शाश्वत म्हणजे ज्याला नाश नाही ते. आत्मा वगैरे. धंदा कसला डोंबलाचा शाश्वत! सरळ 'टिकाऊ' म्हणा.

बोरूबहाद्दर: टिकाऊ चपला असतात ताई. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालात शाश्वत विकासाचा अर्थ दिलाय, पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा न आणता आपल्या भागवणं. तो 'टिकाऊ'त कुठे येतो? आणि २०१५ पासून संयुक्त राष्ट्रांच्याच १७ 'शाश्वत विकास उद्दिष्टां'नी शब्द पक्का करून टाकलाय.

नाकतोड्या: 'हरित'चं तरी काय, हरितक्रांती म्हटली की आधी रासायनिक खत आणि कीटकनाशकंच आठवतात 😀

गाडीवान: खरी गंमत परतीच्या भाड्यात आहे. युरोपात मालट्रक जेवढे किलोमीटर धावतात त्यातले साधारण पाचव्या हिश्श्याचे रिकामे. कितीही इलेक्ट्रिक गाड्या घ्या, परतीचा माल जुळवला नाही तर कसली कामगिरी न् कसलं काय. आमच्यात म्हणतात 'गाडी खाली आली'.

शुद्धमती: खाली हिंदी! मराठीत खाली म्हणजे तळाशी. 'रिकामी खेप' म्हणा.

गाडीवान: मग 'जागा खाली करा' मराठीत म्हणत नाही का कोण? आणि ड्रायव्हर फोनवर 'रिकामी खेप घेऊन येतोय' म्हणाला तर समोरचा विचारेल बरा आहेस ना.

बोरूबहाद्दर: रिकामं या अर्थाचा खाली मुळात अरबी, हिंदीची मक्तेदारी नाही.

नाकतोड्या: खालसाही त्यातलाच ना? संस्थान खालसा केलं म्हणजे रिकामं केलं.

बोरूबहाद्दर: छे, तो 'खालिस'वरून, म्हणजे निर्भेळ. मध्ये कोणी जहागीरदार नाही, थेट सरकारचं ते खालसा.

शंकेखोर: मंडळी, 'परफॉर्मन्स'ला कामगिरी चालेल का? फाईल उद्या द्यायचीय.

नाकतोड्या: थांबा, मग 'निखालस'ही खालिसवरूनच का? पण त्यात 'नि' कशाला, अर्थ उलटा नको का व्हायला?