नोटेवर आपल्या विदर्भातला चेहरा टाकायचा तं कोणाचा?

पऱ्हाटीवाला
राम राम मंडळी. भाची नववीत हाय, शाळेत वक्तृत्व स्पर्धा हाय अन विषय देला "नोटेवर नवा चेहरा कोणाचा". थे म्हणते मामा, सगळे पोट्टे शिवाजी महाराज नाई तं बाबासाहेब घेऊन येतीन, मले विदर्भातलं असं नाव सांगा जे कोणी घेणार नाई. घरी इचारलं तं आई म्हणते गाडगेबाबा, बाबा म्हणते पंजाबराव देशमुख, माह्या मनात इंग्रजायशी लढलेले गोंड वीर बाबुराव शेडमाके. जेवता जेवता भांडण झालं, भाजी थंडी झाली. तं नाव कोणाचं घ्यावं, काहून घ्यावं, अन हे ठरवते कोण थे बी सांगा.

रिटायर्ड कॅशियर
ठरवतं केंद्र सरकार. रिझर्व्ह बँकेचं केंद्रीय मंडळ डिझाइनची शिफारस करतं आणि सरकार मंजुरी देतं, रिझर्व्ह बँक कायद्यातलं कलम २५ बघा. नाण्यांचं मात्र सगळं सरकारकडेच, म्हणून १९९० ला बाबासाहेबांचं एक रुपयाचं नाणं आलं, १९९९ ला शिवाजी महाराजांचं दोन रुपयाचं, पण नोटेवर गांधीजींशिवाय कोणी नाही. भाचीला हे पण सांगा की गांधीजी नोटेवर पहिल्यांदा आले ते १९६९ ला, जन्मशताब्दीच्या नोटांवर, बसलेले, आणि मागे आपल्या वर्ध्याचा सेवाग्राम आश्रम! म्हणजे विदर्भ नोटेवर येऊन गेलाय. मग १९८७ ला ५०० ची नोट, आणि १९९६ पासून पूर्ण सिरीज. त्याआधी अशोकस्तंभाचे सिंह असायचे.

आता मुद्द्याचं. चेहरा टाकतात त्यात मान तर आहेच, पण दुसरं कारण म्हणजे माणसाचा चेहरा जरा जरी बिघडला तरी आपल्या डोळ्याला लगेच खटकतं, त्यामुळे नकली नोट पकडायला सोपं. म्हणून चांगला मूळ फोटो लागतो. गांधीजींचा तो हसरा चेहरा १९४६ च्या फोटोतून घेतलाय, शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स होते, त्यांना कापलं. शेडमाके यांना फाशी झाली १८५८ ला चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या जेलात, त्या काळचा असा फोटो कुठून आणणार. कोणी जिजाऊंचं नाव घेतलं तर त्यांचंही तेच, चित्रकाराच्या कल्पनेवर भागवावं लागेल.

बचतगटवाली ताई
गाडगेबाबा नको बाप्पा. ज्या मानसानं लोकाच्या पैशानं धर्मशाळा बांधल्या अन सोताजवळ ठेवलं काय तं झाडू अन गाडगं, त्याले नोटेवर छापून आपण त्याच नोटेले थुकी लावून मोजू. आमच्या गटाच्या मिटिंगले नोटा येते न, कोणाच्या कनवटीतून, कोणाच्या हळदीच्या डब्यातून, एक तं अशी येते का उलगडाले दोन बाया लागते.

माहा मुद्दा येगळा हाय, बाई काहून नाई? कॅनडात २०१६ ले लोकायलेच नावं मांगतली व्हती, अट एवढीच का बाई त्याच देशाची पाहिजे, खरी पाहिजे, गोष्टीतली नाई, अन मरून २५ वर्ष झालेली पाहिजे. निवड झाली व्हायोला डेसमंडची. थे ब्युटी पार्लर चालवे, काळी व्हती म्हणून टॉकीजात गोऱ्यायच्या जागेवरून उठ म्हटलं तं उठली नाई, १९४६ ची गोष्ट. २०१८ ले १० डॉलरच्या नोटेवर आली. पार्लरवाली बाई नोटेवर! फोटोचं जाऊ द्या, मी तं सिंदखेडराजाच्या जिजाऊलेच मत देतो.

दोन एकर कोरडवाहू
चेहरा बदलून कापसाले भाव भेटते काय? कायले टाइमपास करून रायले.

संत्र्याची बाग
कोरडवाहू भाऊ, भाव नाई भेटत, पण पोरीचं भाषण हाय न, जरा दम धरा. माहं मत पंजाबराव. वरची कॅनडावाली अट बी बसते, १९६५ ले गेले, फोटो बी ढीगभर हाय. पापळचा पोरगा बॅरिस्टर होऊन आला, १९२७ ले अमरावतीच्या अंबादेवीचं देऊळ सगळ्यायसाठी खुलं करासाठी सत्याग्रह केला, १९३२ ले शिवाजी शिक्षण संस्था काढली, अन १९५२ ते ६२ देशाचा कृषिमंत्री. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाले नाव तेच, म्हणून लोकायले वाटते थे फक्त शेतीवालेच व्हते. अन एक गोष्ट भाचीले नक्की सांगा, जुन्या पाचच्या नोटेवर मागच्या बाजूनं ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी व्हता, त्याले ना नाव ना गाव. मागं बिननावाचा शेतकरी छापता येते तं पुढं त्याचा मंत्री का नाई, असं इचारलं न पोरीनं, तं गुरुजी खाली बसतीन.

पऱ्हाटीवाला
भाचीले वाचून दाखवलं. पंजाबराव फिक्स, आई रुसली हाय पण ताईचा थुकीचा मुद्दा आयकून हासली. आता पोरगी म्हणते स्टेजवर थे ट्रॅक्टरवाली पाचची नोट हातात धरून दाखवतो. गावात सगळीकडं इचारलं, भेटल्या थ्या चिकटपट्टी मारलेल्या, अन पट्टी नेमकी ट्रॅक्टरवरच. राळेगाव नाई तं कळंबकडं कोणापाशी धड नोट हाय का? पाचच्या बदली दहा देतो.