मदत हवी आहे: घरात फ्लू, बाकीच्यांना कसं वाचवू?

डोंबिवलीकरीण: नवऱ्याला फ्लू झालाय. डॉक्टर म्हणाले, "वेगळं ठेवा." वन बीएचकेत वेगळं म्हणजे कुठे, गॅलरीत? रात्रीच्या आत सांगा प्लीज.

हळदीराम_नव्हे: सगळ्यांनी वाफ घ्या, ओवा टाकून. आमच्याकडे वर्षानुवर्षं कुणी शिंकत नाही.

सदाशिव_३०: घरात कोण कोण? वयं काय? ताप कधीपासून?

डोंबिवलीकरीण: लिहिलं नाही का? सासूबाई ७२, मधुमेह. बाळ चार महिन्यांचं. ताप काल संध्याकाळपासून.

सदाशिव_३०: अहो, हे आधी सांगायचं! सहा महिन्यांखाली फ्लूची लस देत नाहीत, म्हणजे बाळाची सगळी भिस्त तुमच्यावर. नवरा बेडरूममध्ये, खिडकी उघडी, दार बंद. संडासला निघाला की मास्क. ताप यायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाचसात दिवस पसरवतो तो. बाळाला अंगावरचं दूध चालू ठेवा, तुम्हाला ताप आला तरी. फक्त मास्क लावा, हात साबणाने धुवा. ऑसेलटामिविर (फ्लूवरचं औषध) पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, तेव्हा आजच विचारा. सासूबाईंनाही प्रतिबंधक म्हणून लागेल का, तेही. आणि बाळाजवळ उकळत्या पाण्याचं पातेलं अजिबात नको.

हळदीराम_नव्हे: वाफेने कुणी मेलं नाही. लस घेऊन मात्र मी आडवा झालो होतो.

सदाशिव_३०: कधी घेतली होती? असर यायला दोनेक आठवडे लागतात. शिवाय दरवर्षी नवी घ्यावी लागते.

हळदीराम_नव्हे: म्हणजे कंपन्यांची दरवर्षी दिवाळी.

जुना_पुणेकर: २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यात शाळा, थिएटरं बंद होती. आम्ही रुमालात कापूर बांधून हिंडायचो. अवांतर: तेव्हाचा तो मास्क धुऊन अजून वापरतो.

सदाशिव_३०: काका, टाका तो!

मीनल_ठाणे: एअर प्युरिफायर कुठला चांगला? मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी आहे.

कोल्हापुरी_वहिनी: सासूबाईंना गावी पाठवून द्या की.

सदाशिव_३०: त्यांना लागण झाली असेल तर गावचं घरही आजारी पडेल. नको.

डोंबिवलीकरीण: सासूबाई बेडरूम सोडायला तयार नाहीत. देव तिथे आहेत.

कोल्हापुरी_वहिनी: मग देव हॉलमध्ये आणा, त्या आपोआप येतील.

सदाशिव_३०: +१. आणि बाळाला ताप आला, दूध ओढेना किंवा श्वास भरभर चालला, तर इथे विचारत बसू नका, तडक दवाखाना गाठा.